बडोद्यात उभी इलेक्ट्रिक गाडी: तिच्याच कॅमेऱ्यांकडून राखण कशी करून घ्यावी

नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेर गाडी लावली की मध्यरात्र उलटेपर्यंत तिच्याकडे कोणी फिरकत नाही. चुन्याने आखलेलं तात्पुरतं पार्किंग, दोन गाड्यांच्या फटीतून घुसणाऱ्या ॲक्टिव्हा, बॉनेटला टेकून मोजड्या बदलणारी पोरं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर लांबलचक ओरखडा दिसतो आणि विचारायचं कोणाला, हेच कळत नाही. दांडिया बाजारच्या गल्ल्यांत, मांडवीच्या आसपास किंवा रावपुऱ्यात संध्याकाळी गाडी लावणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

नव्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी काहींमध्ये यावर चांगला उपाय गाडीसोबतच येतो. पण तो आपोआप कामाला लागत नाही. कॅमेरे आहेत म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाच्या हाती ऐन वेळी कोरं कार्ड येतं, आणि ते टाळायला फार तर एक संध्याकाळ खर्ची पडते. ती कशी घालवावी हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहा

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ३६० अंशांचा कॅमेरा असणं ही एक सोय, आणि गाडी लॉक केल्यावर त्या कॅमेऱ्यांनी रेकॉर्डिंग करणं ही दुसरी. अनेक गाड्यांत चारी बाजूंचे कॅमेरे रिव्हर्स टाकल्यावर किंवा गाडी सावकाश चालताना पडद्यावर चित्र दाखवतात, बस. काहींमध्ये डॅशकॅम असतो, पण तो गाडी चालू असेपर्यंतच. गाडी उभी असताना हालचाल टिपून साठवणारी यंत्रणा हा तिसरा प्रकार, आणि आपल्याला हवा आहे तो हाच.

टेस्लाने फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सेंट्री मोड' आणला तेव्हापासून ही कल्पना लोकांच्या तोंडी झाली. आपल्याकडे महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांच्या काही प्रकारांत 'सिक्युअर ३६०' या नावाने लाइव्ह व्ह्यू, म्हणजे फोनवर गाडीभोवतालचं थेट चित्र, आणि रेकॉर्डिंग मिळतं. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या प्रकारांत याबाबत फरक असतो, म्हणून माहितीपत्रकातल्या ओळीवर विसंबू नका. शोरूममध्ये गाडी लॉक करायला लावा, बाजूने चालत जा आणि फोनवर काय आलं ते तिथेच दाखवायला सांगा. रेकॉर्डिंग कुठे साठतं, गाडीत, कार्डावर की कंपनीच्या सर्व्हरवर, हेही विचारा. आणि ॲपची मोफत मुदत कधी संपते ते लिहून घ्या. ती संपली की लाइव्ह व्ह्यू बंद पडू शकतो, आणि ते कळतं नेमकं गरजेच्या रात्री.

साठवणीची तयारी

गाडीत यूएसबी किंवा मेमरी कार्ड लावायची सोय असेल तर इथे कंजुषी करू नका. नेहमीचे पेन ड्राइव्ह अधूनमधून फाइल ठेवण्यासाठी बनवलेले असतात. चार कॅमेऱ्यांचं चित्र सतत लिहिणं-पुसणं त्यांना फार काळ झेपत नाही. त्यात आपला मे महिना. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. सीसीटीव्ही आणि डॅशकॅमसाठी 'हाय एन्ड्युरन्स' म्हणून वेगळी मायक्रोएसडी कार्डं मिळतात. तसलं कार्ड घ्या, गरज पडली तर लहानशा यूएसबी रीडरमध्ये घालून लावा.

किती क्षमतेचं घ्यावं? टेस्लाच्या मॅन्युअलमध्ये किमान ६४ जीबी आणि सेकंदाला ४ एमबी या सलग वेगाने लिहू शकणारं साधन मागितलं आहे. एनटीएफएस फॉरमॅट चालत नाही, एक्सफॅट चालतो. बाकी गाड्यांसाठी आपापलं मॅन्युअल पाहा, पण १२८ जीबी घेतलं तर पस्तावणार नाही. फॉरमॅट शक्यतो गाडीच्याच मेनूतून करा, म्हणजे लागणारे फोल्डर ती स्वतः बनवते. त्याच वेळी गाडीच्या पडद्यावरची तारीख-वेळ फोनशी ताडून घ्या. पुढे पोलिसांकडे जायची वेळ आली तर चुकीच्या वेळेचं रेकॉर्डिंग नाहक प्रश्न उभे करतं.

बॅटरीचा हिशेब

कॅमेरे जागे ठेवायचे म्हणजे गाडीचा संगणकही जागा ठेवायचा. गाडी त्यासाठी सरासरी अडीचशे वॅट ओढत असेल तर चोवीस तासांत ६ युनिट खर्च होतात. ५९ युनिटच्या बॅटरीतून रोज दहा टक्के. बाजारात दोन तास गाडी लावली तर हे जाणवणारही नाही. पण पुण्याला लग्नाला जाताना गाडी चार दिवस स्टेशनच्या पार्किंगमध्ये सोडली, तर परत येईपर्यंत चाळीस टक्के गेलेले असतील, एक किलोमीटरही न चालता.

तुमची गाडी नेमकी किती ओढते ते काढणं सोपं आहे. रात्री झोपताना मोड चालू करून टक्के लिहा, सकाळी पुन्हा पाहा. हाच आकडा खरा, कारण ऊन, थंडी, रहदारी यांप्रमाणे तो बदलतो. टेस्लात बॅटरी २० टक्क्यांवर आली की सेंट्री मोड आपोआप बंद होतो. इतर गाड्यांतही अशी मर्यादा आहे का आणि ती आपल्याला बदलता येते का ते पाहून ठेवा. लांबच्या मुक्कामाला मोड बंद ठेवून पहारेकरी असलेलं पार्किंग शोधणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

रंगीत तालीम

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी नेहमीच्या जागी लावा, लॉक करा, मोड चालू झाल्याची खूण पडद्यावर किंवा ॲपमध्ये दिसते का ते बघा. मग घरातल्या कोणाला तरी स्कूटर घेऊन गाडीला खेटून जायला सांगा. एकदा ड्रायव्हरच्या बाजूने, एकदा मागून, एकदा गाडीच्या अगदी कोपऱ्यावरून. मधेच स्कूटर थांबवून दाराच्या हँडलला हात लावायला लावा.

आता रेकॉर्डिंग लॅपटॉपवर लावून थांबवत थांबवत पाहा. स्कूटरचा हेडलाइट कॅमेऱ्याकडे असेपर्यंत चित्र पांढरं फटक असतं. ती पुढे सरकते, उजेड बाजूला होतो, आणि मागची नंबर प्लेट क्षणभर चौकटीत येते: 'जीजे ०६', पुढची अक्षरं, मग आकडे. ते वाचता आले तर तुमची राखण कामाची. नुसता पांढरा ठिपका दिसला तर लेन्सवरची धूळ पुसा आणि पुन्हा करा. त्यानेही भागलं नाही तर गाडी थोडी फिरवून लावा, रस्त्यावरचा दिवा कॅमेऱ्याच्या पाठीमागे येईल अशी. एवढ्याने चित्रात जो फरक पडतो तो कोणत्याही सेटिंगने पडत नाही.

तालमीत आणखी एक गोष्ट कळते: कोणत्या कोपऱ्यात कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. तो कोपरा भिंतीकडे ठेवायचा.

आणि गाडीवर कव्हर घालत असाल तर ही सगळी खटपट व्यर्थ आहे. कॅमेरे झाकले जातात, वाऱ्याने कापड फडफडलं की सूचना मात्र येत राहतात. कव्हर किंवा कॅमेरे, दोन्हींपैकी एक निवडा.

कुठे चालू, कुठे बंद

माझा नियम असा की घरी बंद, बाहेर चालू. जुन्या बडोद्यातल्या पोळीत, म्हणजे जुन्या घरांच्या चिंचोळ्या गल्लीत, किंवा वाड्यात गाडी दारात उभी असते आणि तिचा बाजूचा कॅमेरा थेट समोरच्यांच्या ओटल्यावर रोखलेला असतो. तिथे काकू भाजी निवडत बसतात, मुलं खेळतात. दिवसभर त्यांचं चित्रीकरण करायचा आपल्याला काय अधिकार? टेस्लात घर आणि ऑफिस या जागा मोडमधून वगळता येतात; तुमच्या गाडीत ही सोय नसेल तर हाताने बंद करा. घराजवळ खरोखरच त्रास होत असेल तर आधी शेजाऱ्यांशी बोला. शिवाय सोसायटीच्या गेटवर सीसीटीव्ही बहुधा असतोच.

अकोटा, अलकापुरीकडच्या सोसायट्यांत सकाळी गाडी पुसायला येणारे दादा हा वेगळाच विषय. त्यांचं फडकं फिरलं की फोनवर सूचनांची माळ लागते. त्यांना एकदा नीट सांगून ठेवा, 'दादा, हा कॅमेरा चालू असतो, तुमच्यावर संशय म्हणून नाही.' रोज आपल्या गाडीला हात लावणाऱ्या माणसाला हे माहीत असायलाच हवं. पुसण्याच्या वेळेपुरता मोड बंद ठेवला तर दोघांचाही जाच वाचतो.

लष्करी आवारात मोड बंदच करा. फतेहगंजच्या ईएमई मंदिरात दर्शनाला अनेक जण गाडी घेऊन जातात. तो परिसर लष्कराचा आहे, आणि तिथे उभी राहून आसपासचं चित्रीकरण करणारी गाडी कोणाला रुचणार नाही. चीनने २०२१ मध्ये आपल्या लष्करी संकुलांमध्ये टेस्ला गाड्यांना याच कारणासाठी मज्जाव केला होता. कारखान्यांच्या आवारात फोटोला बंदी असेल तर तिथेही हेच लागू.

तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसतं. तिथे कार्डावरचं रेकॉर्डिंग चालू राहतं, पण फोनवर सूचना किंवा लाइव्ह व्ह्यू मिळणार नाही हे गृहीत धरा. पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या जागच्या जागी बुडाल्या. नदीकाठच्या भागात राहत असाल तर उघड्यावर लावलेल्या गाडीच्या लाइव्ह व्ह्यूमध्ये रस्त्यावरचं पाणी घरबसल्या दिसू शकतं, हा चांगला उपयोग आहे. पण आजवा धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की फोनकडे पाहत बसू नका, गाडी उंचावर हलवा. आणि पाण्यात राहिलेली इलेक्ट्रिक गाडी तपासून घेतल्याशिवाय चालू किंवा चार्ज करू नका.

सूचनांची संवेदनशीलता ठरवता येत असेल तर पहिले काही दिवस मधली ठेवा. कुत्री, गायी, वाऱ्याने उडालेली पिशवी, उत्तरायणात तुटून आलेला पतंग, सगळ्याला गाडी 'घटना' समजते. फार सूचना आल्या की माणूस त्या बघणंच सोडतो.

काही घडलंच तर

सूचना आली आणि गाडीशी कोणी झटापट करताना दिसलं, तर एकट्याने धावत जाऊ नका. ११२ ला फोन करा. नुकसान नंतर लक्षात आलं तर पहिलं काम कार्ड वाचवायचं. जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं लिहिलं जातं, म्हणून मोड बंद करा, कार्ड काढून घ्या, गाडीत दुसरं लावा. मूळ फाइल कापू नका, तिच्यावर बाण-वर्तुळं काढू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ आकाराने लहान होतो आणि नंबर प्लेट पुसट होते, म्हणून पोलिसांना द्यायची प्रत पेन ड्राइव्हमध्ये घ्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला तिचा ओळख-संकेत, लिहावी लागते. फाइल जरा जरी बदलली तरी ही व्हॅल्यू बदलते. मूळ कार्ड हाताळू नका असं सांगतो ते यासाठीच. वाहनचोरी झाली तर गुजरात पोलिसांची ई-एफआयआरची सोय २०२२ पासून आहे. विम्यासाठी चोरीची तक्रार लागतेच. ओरखड्याबाबत मात्र आधी 'नो क्लेम बोनस', म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, किती जाईल ते बघा. तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असेल तर लहान काम पदरचे पैसे घालून केलेलं परवडतं.

एक विनंती कळकळीने करतो. कोणाचा चेहरा दिसणारा व्हिडिओ 'हाच चोर' म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती, खासगी वापराला लागू होत नाही, पण व्हिडिओ गावभर फिरवणं हा काही घरगुती वापर नव्हे. आणि माणूस निर्दोष निघाला तर त्याची गेलेली अब्रू आपल्याला परत करता येणार नाही. व्हिडिओ पोलिसांना आणि विमा कंपनीला द्या, तिथेच थांबा.

गाडी सर्व्हिसला देताना कार्ड काढून ठेवा, कारण त्यात तुमच्या येण्याजाण्याच्या जागा आणि वेळा असतात. विकताना कार्ड तर काढाच, गाडीच्या मेनूतून सगळा डेटा पुसा आणि ॲपमधून गाडी आपल्या खात्यातून काढून टाका. नाहीतर नव्या मालकाचं अंगण तुमच्या फोनवर दिसत राहील.