वर्गातल्या पोरांना कादंबरी सुचवायची कशी (सहावी ते आठवीवाल्यांसाठी)

सगळ्यात आधी ते परिपाठातलं पुस्तक परीक्षण डोक्यातून काढून टाका. "माझ्या पुस्तकाचे नाव अमुक, लेखक तमुक, मुखपृष्ठ अतिशय आकर्षक आहे, या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो की" वगैरे वगैरे. मी शाळेच्या लायब्ररीतच बसते, पण हे ऐकून कोणी कपाटाकडे पळत आलंय असं मला तरी दिसलेलं नाही. आणि तेच पोरगं मधल्या सुट्टीत डबा खाता खाता शेजारच्याला "अरे ऐक ना, त्यात ना एक पोरगा असतो आणि तो काय करतो माहितीये" असं काहीतरी अर्धवट बोलून जातं, की दुसऱ्या दिवशी शेजारचा हजर, बाई ते पुस्तक आहे का म्हणून. तर आपल्याला ही डब्यावरची पद्धत शिकायचीये, फक्त जरा विचार करून.

आता मेन मुद्दा. पुस्तक वर्गाला सुचवायचं नाही, एका पोराला सुचवायचं. "खूप छान आहे, सगळ्यांनी वाचा" हे कोणालाच लागू होत नाही कारण ते सगळ्यांना आहे. त्याऐवजी "हे तू वाच, तुला आवडेल, कारण" असं म्हणा आणि त्या 'कारण'च्या पुढचं वाक्य आधीच ठरवून ठेवा. वर्गासमोर उभं राहून बोलायची वेळ आली तरी डोक्यात एकच जण धरा, बाकीचे आपोआप ऐकतात, उलट जास्त कान देऊन ऐकतात कारण त्यांना वाटतं आपल्याला कोणी का नाही सुचवलं.

मग तो एक जण निवडायचा कसा, तर तो काय वाचतो हे विचारू नका (बहुतेक जण म्हणणार काहीच नाही, आणि वर ओशाळणार), तो काय बघतो ते विचारा. गुन्हेगार पकडायच्या सिरियल बघणारा असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, हडकुळा, सायकल दामटतो, जिभेने ट्टॉक करतो आणि जिथे जाईल तिथे काहीतरी भानगडीत सापडतो. यावर एक आक्षेप नक्की येणार, "मी पिक्चर बघितलाय." तेव्हा सांगायचं की 2017च्या पिक्चरमधला फेणे मोठा झालेला आहे, मेडिकलच्या परीक्षेला आलेला, पुस्तकातला तुझ्याएवढा आहे, शाळेत जाणारा. एवढ्यावर बरेच जण पुस्तक उघडतात.

अंतराळ, रोबोट, एलियन असल्या व्हिडिओत रमणाऱ्याला जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' द्या. आणि सांगताना असं सांगा: "जमिनीत खूप खोल एक पेटी सापडते, आपल्याही आधीच्या कुठल्यातरी लोकांनी पुरलेली, आणि तिच्यात माहिती असते एक यंत्रमानव कसा बनवायचा त्याची. आपले शास्त्रज्ञ तो बनवतात." बस. इथे गप्प बसायचं. समोरचा "मग?" म्हणाला की तुमचं काम झालं. तो "मग?" म्हणतो तेव्हा पुढचं सांगायचा जो मोह होतो ना, तो आवरणं हीच यातली खरी अवघड गोष्ट आहे, मोठ्यांनाही जमत नाही.

म्हणजे कादंबरी सांगायचा साचा काय, तर कोण आहे, कुठल्या घोळात अडकतो, आणि स्टॉप. तीन-चार वाक्यं, फार तर मिनिटभर. घरी एकदा मोठ्याने बोलून बघा. लिहून पाठ करू नका, पाठ केलं की आपोआप तो परिपाठातला सूर लागतो, "होऽऽती" वाला.

स्पॉयलरचा नियम सगळ्यांना माहीत आहे की शेवट सांगायचा नाही, पण तो प्रत्येक पुस्तकाला सारखा लागू होत नाही हे लक्षात घ्या. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चंच घ्या. कर्ण मरतो हे पहिलीतल्या पोरालाही माहीत आहे, तिथे काय लपवणार? तिथे सांगायची गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे तीच कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, त्याची बायको वृषाली आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने सांगतात, आणि जो बोलतोय त्याचंच आपल्याला पटायला लागतं. दुर्योधनाचंसुद्धा. हे ऐकून आठवीतली पोरं वाद घालायला लागतात, आणि वाद घालायला तरी पुस्तक वाचावं लागतं. फक्त जाडी आधी सांगून टाका, पुस्तक हातात पडल्यावर कळलं तर तो तुमच्यावर परत विश्वास ठेवणार नाही.

यावरूनच पुढचं. कंटाळा कुठे येतो ते खरं खरं सांगा. "सुरुवातीला जरा वर्णन आहे, थांबू नको, शाळा सुरू झाली की मजा येते" असं म्हणालात की समोरच्याला वाटतं हा माणूस खरं बोलतोय, आणि तो कंटाळवाणा भाग तो तुमच्या शब्दावर पार करतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' अशीच सुचवावी लागते. 1955 साली पुस्तक म्हणून आलेली, पातळशी, पण पहिल्या काही पानांत नुसती पहाटे माळावरून चालणारी वाट आहे आणि फोनची सवय लागलेल्या पोराला तिथे झोप येऊ शकते. तर त्याला आधीच सांगायचं की हा जो चाललाय ना तो मास्तर आहे, स्वतःच पोरगेला, आणि ज्या गावात चाललाय तिथे सगळे धनगर, पोरं मेंढरांमागे, शाळेत येणारच कोण? ज्याच्या घरी शेरडं-मेंढरं आहेत त्याला तर हे पुस्तक मुद्दाम द्या, त्याला त्यातलं जे कळेल ते वर्गातल्या बाकीच्यांना नाही कळणार, आणि मग तो वर्गाला सांगेल.

मस्तीखोरांसाठी दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. एकेक गोष्ट सुटी आहे, दहा मिनिटं मिळाली तरी एक होते. आमच्याकडे इंग्लिश मीडियमची पण पोरं येतात, घरी मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात, जोडाक्षर आलं की थांबतात, आणि त्याची त्यांना लाज वाटते. त्यांच्या हातात ते चित्रांच्या डायरीवालं इंग्रजी पुस्तक असतं सारखं. त्यांना थेट कादंबरी देऊ नका, बोक्याची एक गोष्ट तुम्ही वाचून दाखवा, दुसरी अर्धी अर्धी वाचा, तिसरी तो आपणहून नेईल. नाही नेली तर नाही. मराठीत वाचलं तरच वाचन असं काही नसतं, इंग्रजीतली कादंबरी पण सुचवता येते की, सांगताना मराठीत सांगा म्हणजे झालं.

आता जरा चोखंदळ वाचक असतील त्यांच्यासाठी. प्रकाश नारायण संतांचा लंपन. ह्या तशा कादंबऱ्या नाहीत, कथा आहेत, पण पोरगा तोच, आजी-आजोबांकडे राहणारा, डोक्यात सतत काहीतरी चालू असलेला, आणि त्याला सगळं 'मॅडसारखं' वाटत असतं. त्यामुळे एकामागून एक वाचलं की कादंबरीच होते. हा सुचवायचा झाला तर क्रम सांगा: वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. झुंबर आधी हातात पडलं तर मजा अर्धी होते. तसंच 'तोत्तोचान', ती पण कादंबरी नाही, तेत्सुको कुरोयानागी यांच्या खऱ्या आठवणी आहेत, पण पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी आणि मग आगगाडीच्या डब्यात भरणारे वर्ग एवढं ऐकलं की ज्याला आपली शाळा आवडत नाही तो लगेच कान टवकारतो (म्हणजे बहुतेक सगळेच).

शांता शेळक्यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' (चार बहिणींची गोष्ट) सुचवताना एक पथ्य पाळा, "मुलींचं पुस्तक आहे" हे वाक्य तोंडातून काढू नका. एकदा काढलंत की वर्गातला एकही मुलगा त्याला हात लावणार नाही, मनात असलं तरी. फास्टर फेणे "मुलांचं" म्हणून मुलींना न सांगणारे पण आहेत, तेही चूकच.

आणि वयाचं बघा. मिलिंद बोकिलांची 'शाळा' आठवीच्या मागच्या बाकावर हळूच फिरत असते, कारण पिक्चर सगळ्यांनी बघितलाय. पुस्तक चांगलंच आहे, नववीतला मुकुंद, आणीबाणीचा काळ, पण पोरांची भाषा पोरांचीच आहे, तेव्हा सहावीतल्याला पुढे करू नका. शंका असेल तर बाईंना विचारा. बाई ओरडतील असं वाटत असेल तरी विचारा, आम्ही वाटतो तेवढ्या ओरडत नाही.

वाचून दाखवायचं असेल (आणि माझ्या मते हाच सगळ्यात भारी उपाय आहे) तर पहिलं पान निवडू नका. मधलं एक पान शोधा जिथे दोघं भांडतायत किंवा कोणीतरी पकडला जाणार आहे, जिथे बोलणं जास्त आणि वर्णन कमी. घरी दोनदा वाचा, कुठे श्वास घ्यायचा ते बघा, अवघड नावं असतील तर जिभेवर बसवा. ज्या ओळीवर थांबायचं तिथे पेन्सिलने बारीक टिंब करा, पान दुमडू नका. आणि बरोबर त्या ओळीवर पुस्तक मिटा. "पुढे काय झालं ते जाणून घेण्यासाठी" असलं काही म्हणू नका, नुसतं मिटा आणि जागेवर जाऊन बसा. वर्ग ओरडतो. ओरडू द्या.

ज्यांना उभं राहून बोलायची भीती वाटते त्यांनी चिठ्ठी लिहावी. पोस्टकार्डाच्या आकाराचा कार्डशीटचा तुकडा, त्यावर दोन ओळी, "हे कोणासाठी" आणि "कुठपर्यंत धीर धरायचा" एवढंच, आणि तो पुस्तकात वरून डोकावेल असा ठेवायचा. उदाहरणार्थ, "ज्याला गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघायला आवडतं त्याच्यासाठी." स्टार देऊ नका पाचपैकी, त्याने काही कळत नाही. चिठ्ठीमागे पुढच्याने आपलं नाव आणि एक ओळ लिहायची, आवडलं नसेल तर तेही. "मला बोर झालं, अर्ध्यात सोडलं" अशी ओळ असलेलं पुस्तक पण जातं, उलट दुसरा म्हणतो बघू तरी एवढं काय बोर आहे.

आता खरी अडचण, जी सगळीकडे असते: तुम्ही एवढं छान सांगितलं, पाच जणांना पाहिजे, आणि प्रत एकच. तिथे सगळा उत्साह गार होतो. म्हणून सुचवायच्या आधी प्रत कुठे आहे ते बघून ठेवा. शाळेच्या कपाटात असेल तर दाखल रजिस्टरमध्ये (शाळेत आलेल्या पुस्तकांची नोंदवही) नाव शोधा, कपाटाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे तेही विचारा (हसू नका, कितीतरी शाळांत पुस्तकं आहेत पण किल्ली नाही अशी गत असते). गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर बालविभाग असतो का आणि वर्गणी-अनामत किती ते घरच्यांना घेऊन विचारून या, बऱ्याच ठिकाणी ती फार नसते. पुण्यात असाल तर पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहेच. साताऱ्याकडे सहल जाणार असेल तर पाचगणीजवळच्या भिलारला थांबायचा हट्ट सरांकडे धरा, 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरात जाऊन बसून वाचता येतं, बालसाहित्याचं पण घर आहे. आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक, 1971 पासूनचं, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. कादंबरीची सवय नाही त्याला आधी तिथल्या गोष्टींवर सोडा.

प्रत एकच असेल तर रांग लावा. वर्गाच्या मागच्या भिंतीवर कागद, पुस्तकाचं नाव, खाली नंबर एक, दोन, तीन. प्रत्येकाला आठवडा, जाड असेल तर दोन. सुचवणाऱ्यानेच ही रांग सांभाळायची, मॉनिटरवर ढकलायची नाही, मॉनिटर त्याचा पोलीस होतो.

दिल्यानंतर रोज "वाचलंस का, वाचलंस का" करू नका. चार दिवसांनी एकदाच विचारा, "कुठे आलास?" तो म्हणाला सोडून दिलं, तर "बरं" म्हणा आणि का ते विचारा, रागावू नका. त्याच्या उत्तरात पुढच्या वेळी काय सुचवायचं ते असतं. भाषा जड वाटली, की पात्रं खूप होती, की नुसता वेळ नाही मिळाला, ही तीन वेगवेगळी कारणं आहेत आणि तीन वेगवेगळी पुस्तकं.

बाई-सरांसाठी दोन शब्द, हे वाचत असतील तर. याला मार्क देऊ नका. वही तपासू नका. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन करता तेव्हा भाषणं जरा कमी करून दोन पोरांना एकेक पान वाचू द्या, आणि नुसता तोच एक दिवस नको, शनिवारी सकाळच्या शाळेत दहा मिनिटं काढली तरी पुरतात. एका वेळी दोघंच. तिसऱ्याला पुढच्या शनिवारी. सगळ्यांची पाळी लावली की ज्याला काही सुचवायचं नाही तो पण उभा राहतो आणि मुखपृष्ठ आकर्षक आहे म्हणतो.

आणि पुस्तक रांगेत हरवलंच तर, हरवतंच एखादं, ज्याने हरवलं त्याला वर्गासमोर बोलू नका. सगळ्यांनी दहा-दहा रुपये काढले तर बहुतेक बालकादंबऱ्यांची नवी प्रत येते, आणि नव्या प्रतीवर आधीची चिठ्ठी परत लिहून ठेवायला विसरू नका.