कथा अडली की फोन उचलू नका

लातूरच्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम माझ्याकडे असतं. अलीकडे बऱ्याच कथांचं शुद्धलेखन स्वच्छ असतं, परिच्छेद एका मापाचे असतात, शेवटी पाऊस येतो आणि नायकाचे डोळे पाणावतात. कथा औशाची की अहमदपूरची, काही कळत नाही. लिहिणारी पोरं हुशार आहेत, म्हणून जीव तुटतो. यंदा कथा पाठवणार असाल तर ती कशी लिहावी, हे सविस्तर सांगते.

आधी यंत्राबद्दल, कारण कथा अडली की पोरं फोन उचलून त्यालाच लिहायला सांगतात. चॅटजीपीटीसारखं यंत्र वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढं कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे ते हेरतं आणि एकेक शब्द जोडत जातं. शेत म्हटलं की हिरवंगार, आई म्हटलं की मायेचा हात. आपली बोली मुळात छापून आली कमी, नेटवर तर फारच कमी. त्यामुळं आयुष्यभर 'गेलते, आलते' बोललेली बाई यंत्राच्या कथेत 'मी गेले होते' म्हणायला लागते. तिचं तोंडच बदलून जातं.

विषय घेऊन लिहायला बसू नका. 'शेतकऱ्याचं दुःख' यावर भाषण होईल, कथा होणार नाही. एक माणूस घ्या, त्याचा एक दिवस घ्या, आणि त्या दिवशी त्याला काय करता येईना ते बघा.

निलंगा तालुक्यातल्या एका मुलानं येळवशीवर कथा घेतली होती. येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं; आपल्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी घालायची, तिच्यात पाच पांडवांचे दगड पुजायचे आणि तिथंच जेवायचं. त्याच्या कथेतल्या घरानं जमीन विकलेली, आणि ही विकल्यानंतरची पहिली येळवस. विषय जबरदस्त. पण पहिलं पान त्यानं फोनमधून काढून आणलं होतं: 'हिरवीगार शेतं वाऱ्यावर डोलत होती. आईच्या डोळ्यांत आठवणींचा पूर दाटून आला.'

मी त्याला प्रश्न विचारत गेले. ज्वारी किती वर आली होती? कोप कुणी घातली, कडबा कुणाचा? भज्जीच्या भाजीत काय काय पडलं होतं? आणि रानच विकलं, तर आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन आई निघाली कुठं?

शेवटच्या प्रश्नावर तो गप्प झाला. त्याला माहीत नव्हतं. यंत्रालाही माहीत नव्हतं, पण त्यानं न थांबता पुढची ओळ लिहून टाकली होती. मुलगा मात्र थांबला, आणि मला तेच हवं होतं. मी म्हटलं, आता हा प्रश्न वहीच्या पानावर वर लिही आणि रोज त्याच्यासमोर बस.

तो बसला. कधी दोन ओळी झाल्या, कधी नुसती खाडाखोड. मग एका संध्याकाळी त्यानं भाकरी थापणाऱ्या आपल्या आईलाच विचारलं, की असं झालं तर तू काय करशील? तिनं मान वर न करता सांगितलं, "दुसऱ्याच्या रानात जेवाया जाता येतंय की. पूजा कुठं मांडावी?"

हे वाक्य कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते मिळाल्यावर त्यानं आधीचं सगळं फाडलं आणि कथा आईच्या अंगानं नव्याने लिहिली. त्यात आईच्या डोळ्यांत पाणी येत नाही. ती पाच पांडवांचे दगड पिशवीत घालून घरातून निघते, एवढंच.

अडतं कुठं, याकडं नीट बघा. जे आपल्याला ठाऊक आहे असं आपण धरून चाललेलो असतो आणि खरं तर ठाऊक नसतं, बहुतेक वेळा तिथंच पेन थांबतं. अशा वेळी ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडं जा: आजी, सालगडी, मोंढ्यातला हमाल, एसटीत शेजारी बसलेली बाई. त्यांचं बोलणं त्याच दिवशी वहीत उतरवा, जसं कानावर पडलं तसं. विचारायला कुणी नसेल तर कंसात 'इथं आई काय म्हणते?' असं लिहून जागा मोकळी सोडा आणि पुढं जा. मोकळी जागा परवडली, भरताड नको. यंत्रानं ती जागा भरून दिली तर प्रश्नही जातो आणि तुमच्या हाती काहीच उरत नाही. पुढच्या कथेला तुम्ही पुन्हा तेवढेच कोरे.

वेळ नाही, असं शिकवणीला लातूरला आलेली मुलं म्हणतात. मला ते कळतं. त्यांनी झोपण्याआधी वीस मिनिटं द्यावीत, पण रोज. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत रोज एका ढब्बू पैशाची शाई संपेपर्यंत लिहीत, अशी आख्यायिका आहे. सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी आपल्याच भागात, अंबाजोगाईत आहे. एकदा जाऊन बघा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, वही दोनशे पानी आणि स्वस्तातली घ्या. महागड्या वहीत खोडायला हात धजत नाही.

पहिला खर्डा वाईटच होऊ द्या. पुरा झाला की आठवडाभर मिटून ठेवा, मग मोठ्यानं वाचा. जीभ जिथं अडखळते तिथं खूण करा. एखाद्या वाक्यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, तर ते सापडेपर्यंत सोडू नका. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडं असताना एकनाथ एका पैच्या चुकीसाठी रात्रभर हिशोब तपासत बसले होते, ही गोष्ट आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असते. त्याच नाथांनी पुढं शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. दुसऱ्याच्या शब्दासाठी माणूस एवढा खपतो, तर आपल्या स्वतःच्या पानासाठी आपण दोन रात्री बसायला काय हरकत आहे?

दुरुस्ती करताना पहिला परिच्छेद झाकून वाचून बघा. बऱ्याच कथा दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतात. विशेषणं कमी करा. संवाद गावातल्या एखाद्या न वाचणाऱ्या माणसाला ऐकवा; 'आमच्यात असं कुणी बोलत नाय' हे तो लगेच सांगेल, आणि त्याचं ऐका.

कथा पक्की झाल्यावर टंकायला यंत्राची मदत खुशाल घ्या, बोलून टाईप करा. 'सुधारून दे' असं मात्र म्हणू नका. ते 'लई' काढून 'खूप' घालेल, आणि आईचं तुटक वाक्य नीट जोडून देईल.

कथा पाठवताना पहिल्या खर्ड्याच्या पानांचे फोटो सोबत जोडा, खाडाखोडीसकट. नव्यानं उतरवून काढू नका, मला मूळ पानं बघायची आहेत. एखादी जागा अजून मोकळी असेल तर तशीच पाठवा, आपण बसून बोलू.