सांगलीत नव्याने आलात? पाटी वाचून आत शिरू नका

परभणी सोडून सांगलीत आले त्याला बारा वर्षं झाली. गॅस, शाळा, डिपॉझिट हे इथे कुणीही सांगतं. रात्र रात्र झोप लागत नाही, उगाच छातीत धडधडतं, तर जायचं कुठे, हे मात्र आपणहून कुणी सांगत नाही. मी घरमालकीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "नवी जागा हाय, हुतंय तसं. चार दिवसांत बसतंय."

चाराचे चाळीस झाले. मग एक पाटी बघून आत गेले. पाटीवर 'मानसतज्ज्ञ'. तीन बैठकांचे पैसे आगाऊ भरले आणि नंतर कळलं, शिक्षण म्हणजे थोड्या दिवसांचा समुपदेशनाचा कोर्स. माणूस वाईट नव्हता, ऐकून घ्यायचा. पण ऐकून तर माझी बहीणही घेते, तेही फुकट.

म्हणून आधी शब्दांचा घोळ निस्तरा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, थेरपी देतो, गोळ्या देत नाही. आपल्याकडे 'लायसन' म्हणतात ते त्याच्या बाबतीत भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी. 1992 च्या कायद्याने ही परिषद आली. बहुतेकांचं एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. झालेलं असतं. फोनवरच नोंदणी क्रमांक विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून बघा. विचारायला लाजू नका; भाजी घेताना आपण वजनकाटा बघतोच की. खरा माणूस रागावत नाही. जो रागावला, त्याच्याकडे जायचं नाही, इतकं सोपं.

खिसा हलका असेल तर सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. केस पेपर काढा आणि मनोविकार विभागाची ओपीडी विचारा. सकाळी लवकर जा, रांग असते. तिथे डॉक्टर घाईत असतात हे खरं, पण औषधाची गरज आहे की बोलण्याची, एवढा निवाडा होतो, आणि पुढे कुणाकडे जायचं तेही विचारता येतं.

मी स्वतः मिरज निवडलं. कारण सांगायला थोडं हसू येतं. सांगलीत पायरी चढताना ऑफिसातलं कुणीतरी दिसेल ही धास्ती. मिरज हे दवाखान्यांचंच गाव, मिशन हॉस्पिटल 1894 पासूनचं. कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. फाईल काखोटीला मारून फिरणाऱ्याकडे तिथे कुणी वळूनही बघत नाही. तुम्ही काय सांगितलंत हे गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दिलाय, पण कायदा शेजारणीला लागू नाही.

रात्री-अपरात्री जीव फारच घाबरला, नको ते विचार आले, तर थांबू नका. 14416 लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. 2019 च्या महापुरानंतर पाऊस वाढला की आमच्या गल्लीतल्या एक काकू रात्रभर जाग्या असायच्या. ही सेवा 2022 मध्ये सुरू झाली, तेव्हा नंबर मी त्यांच्या कॅलेंडरवर पेनने लिहून दिला.

माझी वेळ गुरुवारी संध्याकाळी असते. ऑफिस सुटलं की वडाप धरायचा. वडाप म्हणजे काय, हे इथे आठवड्याभरात कळेलच.