डब्याचा धंदा करू की मसाल्याचा? असं ठरवा
आधी लोगो, इन्स्टा पेज वगैरे राहू द्या, दोन्हीचं गिऱ्हाईक कोण ते नावानिशी लिहून काढा. मग थोडं थोडं विकून बघा, आणि प्लीज फुकट वाटू नका, फुकटात सगळेच वा वा करतात, पैसे देऊन दुसऱ्यांदा ऑर्डर कोण देतं तेच बघायचं. खर्चात गॅस, पॅकिंग, डिलिव्हरी आणि स्वतःची मजुरीपण धरा, हीच लोक विसरतात आणि ८० चा डबा ७५ ला पडतो. डब्याला रोज पहाटे उठणं आलं पण पैसा लगेच फिरतो, कांदा-लसूण मसाला टिकतो पण उन्हाळ्यातच वर्षभराच्या मिरच्या-खोबऱ्यात पैसा अडकतो, तेवढी कळ सोसणार का? खाण्याचं काहीही विकायचं तर एफएसएसएआयची (म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेची) नोंदणी लागतेच, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.