एअरबॅगचा दिवा आणि ठोकलेली सेकंडहँड गाडी: या चुका टाळा

चावी फिरवली की मीटरवर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि साधारण पाच-सात सेकंदांत विझतो. पेटलेलाच राहिला तर बिघाड आहे, टक्कर झाली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण ठोकलेल्या गाडीत न पेटणारा दिवा मला जास्त खटकतो.

कारण दिवा विझवणं सोपं असतं. कुणी बल्ब काढतं, कुणी मागून काळी टेप चिकटवतं, कुणी त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतं. दोन्ही दिवे नेमके एकाच क्षणी विझत असतील तर शंका घ्या. याहून बेरकी उपाय म्हणजे एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा छोटा तुकडा. मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणारा कॉम्प्युटर, फक्त सर्किटचा रोध मोजतं, तेवढ्यावर त्याचं समाधान होतं. दिवा अगदी शहाण्यासारखा पेटतो, विझतो, आणि स्टिअरिंगच्या कव्हरमागे काहीच नसतं. म्हणून कव्हरचा रंग आणि पोत बाकी स्टिअरिंगशी जुळतो का, लोगो तिरका बसलाय का, डॅशबोर्डवर नवं रेक्झिन चढवलंय का, हे दिवसाउजेडी पाहा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाच्या लेबलवर तारीख असेल तर ती गाडीच्या वर्षाशी ताडून बघा.

बेल्टवरून आठवलं, मोठ्या धडकेत बेल्टचा प्रीटेन्शनरही, म्हणजे बेल्ट झटक्यात आवळणारा भाग, उडतो आणि तो एकदाच चालतो. लोक एअरबॅग बदलतात, बेल्ट तसाच ठेवतात आणि मग दिवा का जात नाही म्हणून डोकं धरून बसतात.

‘कोड (गाडीच्या कॉम्प्युटरमधली बिघाडाची नोंद) उडवून देतो साहेब, बिनधास्त चालवा’ याला भुलू नका. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात, एअरबॅगच्या मॉड्यूलपर्यंत पोचतच नाहीत. एअरबॅग उघडल्यावर मॉड्यूलमध्ये टकरीची नोंद राहते. बहुतेक गाड्यांत ती साध्या स्कॅनरने पुसली जात नाही, मॉड्यूल बदलावं लागतं. आधी कोड वाचा, लिहून ठेवा, दुरुस्ती करा, कोड पुसायचा तो शेवटी.

अर्थात प्रत्येक दिवा अपघाताचाच नसतो. हॉर्न वाजत नसेल आणि स्टिअरिंगवरची बटणंही मेली असतील, तर आधी क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगमागची गुंडाळलेल्या वायरची पट्टी, तपासा. सीटखाली एअरबॅगच्या वायरिंगचं पिवळं कनेक्टर असतं, सीट पुढेमागे करताना किंवा खाली छत्री कोंबताना ते सैल होतं. मुंबईत आणखी एक गोष्ट. अनेक गाड्यांत मॉड्यूल मधल्या कन्सोलखाली, फरशीला लागून असतं. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात अडकलेल्या गाडीचा गालिचा उचलून कनेक्टर पाहा: पिना हिरवट दिसल्या तर ती भिजलेली गाडी समजा.

पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावून ‘चेक’ करू नका. मीटरच्या प्रवाहानेही एअरबॅग उडू शकते. कनेक्टर हलवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढा वेळ थांबा. मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.

कुर्ल्याच्या भंगारात एअरबॅग स्वस्त मिळते, पण ती कुठल्या गाडीची, पाण्यात होती का, कोण सांगणार? ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट दमट उष्ण हवेत बिघडायचं आणि धातूचे तुकडे उडायचे. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यात भारतातल्याही होत्या. आपल्या गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. रिकॉलमध्ये असेल तर बदली फुकट होते.

चालकाची एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची त्यानंतर. त्यामुळे जुन्या बेस मॉडेलमध्ये ती मुळातच नसेल. व्हेरियंट आधी बघा.

टोकन देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एअरबॅगचं स्कॅन करून घ्या. मॉड्यूल, एअरबॅग, बेल्ट, क्लॉक स्प्रिंग यांतलं जे लागेल त्याचं लेखी एस्टिमेट मागा आणि ती रक्कम सौद्यातून कापा. विकणारा स्कॅनला टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघा.