जपानी कुटुंबात राहायला जाताना: विद्यार्थ्यांनी (आणि पालकांनी) काय तयारी करावी

शाळा-कॉलेजांमधली देवाणघेवाण, रोटरी किंवा एएफएससारख्या संस्था, जपान सरकारची जेनेसिस योजना अशा वेगवेगळ्या वाटांनी आपली मुलं थोड्या दिवसांसाठी जपानला जातात. यातल्या बऱ्याच दौऱ्यांत काही दिवस एखाद्या जपानी कुटुंबाच्या घरी राहायचं असतं. मुलांना आणि पालकांना धास्ती असते ती भाषेची. खरं तर भाषेचं मोबाइलवर निभावतं. अडतं ते दुसरीकडेच. आपण भिडेपोटी सांगत नाही, ते भिडेपोटी विचारत नाहीत आणि दोन्हीकडून अंदाज बांधणं चालू राहतं. म्हणून यजमानांना अंदाज बांधायला लावायचा नाही, या एका धोरणाने सगळी तयारी करा.

खाण्याचं आधी, आणि सविस्तर

फॉर्मवर नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ हा पातळ अर्क, आणि तो बहुतेक वेळा कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसापासून काढतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेलं सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, टेम्पुरा भज्यांबरोबरचं पातळ सॉस, सगळ्यांत तो असतो. वाटीत मासा दिसत नाही, त्यामुळे हे सूप शाकाहारीच आहे असं यजमान मनापासून समजतात. दुकानात मिळणाऱ्या जपानी करीच्या वड्यांमध्येही बहुधा प्राण्यांची चरबी असते. भातावर भुरभुरायच्या फुरिकाकेमध्ये मासा निघू शकतो.

तेव्हा तीन गोष्टी स्पष्ट लिहा: काय अजिबात चालत नाही, काय चालतं आणि ॲलर्जी कशाची आहे. उदाहरणार्थ: ‘मांस, मासे, अंडी खात नाही. माशाचा दाशी चालत नाही. कोंबू किंवा शिताकेचा चालतो. दूध, दही, कांदा, लसूण चालतो.’ कोंबू म्हणजे समुद्रशेवाळ आणि शिताके म्हणजे अळिंबी. दोन्हींचा दाशी काढतात, त्यामुळे यजमानांना लगेच मार्ग दिसतो. दाशी चालवून घ्यायचा की नाही, हे घरी आईबाबांशी बोलून ठरवा. तिथे समोर वाटी आल्यावर ठरवायला बसू नका. चालवून घेणार असाल तर तसंही लिहा, कारण त्याने त्या घरातल्या गृहिणीचं अर्धं ओझं उतरतं.

कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी ‘शोजिन र्योरी’ हा शब्द वापरावा. वाकायामातल्या कोयासानसारख्या ठिकाणच्या बौद्ध मठांतला हा स्वयंपाक. मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही वर्ज्य. यजमानांना कल्पना चटकन येते. कंदमुळं मात्र त्यात असतात, म्हणून जैन मुलांनी ते वेगळं सांगावं.

टोफू, एदामामे (मीठ घालून उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा), उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी म्हणजे भाताचा मुटका, काकडीची माकी (समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल) यांवर बरेच दिवस निघतात. सोबत थोडे ठेपले किंवा खाकरे असू द्या. पण आपली पाकिटं खोलीत बसून गुपचूप संपवू नका. वास येतो आणि यजमानांना वाटतं, आपला स्वयंपाक आवडला नाही.

बॅग भरताना

औषधांकडे नीट बघा. सर्दीच्या काही गोळ्यांत असलेलं स्यूडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन यांवर जपानमध्ये कडक मर्यादा आहेत. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या आणि शंका असेल तर आयोजकांना आधी विचारा. ताजी फळं, ताजा कढीपत्ता आणि कुठलाही मांसाचा पदार्थ नेऊ नका, विमानतळावर अडकतो. आंब्याच्या दिवसांत निघणाऱ्यांनी पेटीचा मोह आवरावा.

तिथे वीज 100 व्होल्टची असते आणि प्लगला दोन चपट्या पिना असतात. मोबाइलचा चार्जर साध्या ॲडॉप्टरवर चालतो, आपला हेअर ड्रायर चालत नाही. पायमोजे भरपूर आणि न फाटलेले घ्या, कारण दिवसातून अनेकदा बूट काढावे लागतात. नाडीचे बूट शक्यतो टाळा. खिशात रुमाल ठेवा, सार्वजनिक स्वच्छतागृहात हात पुसायला काही असेलच असं नाही. वय 16 किंवा जास्त असेल तर बाहेर पडताना मूळ पासपोर्ट जवळ ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. झेरॉक्स चालत नाही.

भेटवस्तू छोटी न्यावी. सुटी पाकिटं असलेली चिक्की, काजू, चहा, वारली चित्राचा कापडी बटवा असं काहीही चालेल. चिक्की देण्याआधी शेंगदाण्याची ॲलर्जी विचारून घ्या. चारच्या संचात देऊ नका, तिथे चार हा आकडा अशुभ मानतात. भेट दारात न देता आत स्थिरावल्यावर दोन्ही हातांनी द्या. समोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, ती तिथली पद्धत आहे.

उंबऱ्यावर

दारातून आत आल्यावर खालच्या पातळीवर ‘गेंकान’ असतं. बूट तिथेच काढायचे, मोजे घातलेला पाय वरच्या फळीवर ठेवायचा, मग वळून बुटांची टोकं दाराकडे करायची. आतल्या सपाता घालून घरभर फिरा, मात्र तातामीवर (गवताच्या चटईवर) त्याही काढायच्या. संडासाच्या सपाता वेगळ्या असतात. त्याच घालून जेवणाच्या टेबलाशी येणं ही परदेशी पाहुण्याची हमखास चूक, आणि घरातली लहान मुलं त्यावर पोट धरून हसतात.

न्हाणीघर: सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो

अंघोळ रात्री करतात आणि घरातल्या सगळ्यांसाठी टबातलं पाणी एकच असतं. म्हणून टब हा अंग धुण्यासाठी नसून धुतल्यावर शेकत बसण्यासाठी आहे. आधी टबाबाहेरच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, शॉवरखाली साबण लावून, केस धुऊन, फेसाचा थेंबही राहणार नाही असं अंग स्वच्छ करायचं. त्यानंतर टबात उतरायचं. पाणी साधारण 40 ते 42 अंश असतं, पहिल्यांदा चटका बसल्यासारखं वाटतं. निघताना बूच काढायचं नाही, वरचं झाकण पुन्हा लावायचं.

आपल्या मुलामुलींसाठी एक खास सूचना. केसांना खोबरेल लावून टबात उतरू नका. लांब केस वर बांधा आणि तेल लावलेलं असेल तर टबात उतरण्याआधी ते शॅम्पूने पूर्ण काढून टाका. तवंग आला की मागच्यांची अंघोळ गेली, शिवाय बऱ्याच घरांत हेच पाणी नंतर कपडे धुवायला वापरतात.

भिंतीवर एक पॅनल असतं. त्यावरची बटणं उगाच दाबून बघू नका. अनेक पॅनलवर एक बटण घरच्यांना बोलावण्यासाठी असतं. ते दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजते आणि काकू धावत न्हाणीघराच्या दाराशी येतात. पहिल्याच दिवशी न्हाणीघर आणि कमोड, दोन्हींची बटणं दाखवून घ्या आणि फोटो काढून ठेवा. कमोडला पाण्याची फवारणी बहुतेक घरांत असते, त्यामुळे ती चिंता मिटली; फक्त ती बंद करायचं बटण कुठलं ते आधी बघा. कागद कमोडमध्येच टाकायचा.

सकाळी अंघोळीशिवाय चैन पडत नसेल, तर ‘सकाळी फक्त शॉवर घेतला तर चालेल का?’ असं आदल्या रात्रीच विचारा.

जेवताना आणि घरात वावरताना

जेवणाआधी ‘इतादाकिमासु’, संपल्यावर ‘गोचिसोसामा देश्ता’. घरातून निघताना ‘इत्तेकिमासु’, परतल्यावर ‘तादाइमा’. एवढे चार शब्द पाठ असले तरी घर आपलंसं करतं. चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नका, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. दोन्हींचा संबंध अंत्यविधीशी आहे. भाताची वाटी हातात उचलून खाणं मात्र रीतीला धरून आहे.

आपल्याकडे पहिल्यांदा ‘नको नको’ म्हणायचं आणि यजमानांनी आग्रह करायचा, असा रिवाज असतो. परदेशी पाहुण्याला तिथे सहसा आग्रह करत नाहीत, त्यामुळे ‘नको’ म्हणालात तर वाटी खरंच उचलली जाईल. ‘काय खाशील?’ या प्रश्नाला ‘काहीही’ हे उत्तर देऊ नका. दोनातलं एक निवडा.

कचरा टाकण्याआधी विचारा. जळणारा, प्लास्टिकचा, बाटल्या, डबे असं वर्गीकरण असतं आणि प्रत्येकाचे वार ठरलेले असतात. परतायला दहा मिनिटं जरी उशीर होणार असेल तरी कळवा. घराचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

एक दिवस तुम्ही स्वयंपाक करा

पोहे उत्तम. फक्त जाडे पोहे इथूनच न्या, जपानच्या साध्या सुपरमार्केटात मिळत नाहीत. कढीपत्त्यावर पाणी सोडा, हळद-मोहरीची बंद पाकिटं न्या, मिरची निम्मी करा. बऱ्याच घरांत आयएच म्हणजे इंडक्शनची शेगडी असते, तिला सपाट बुडाचंच भांडं लागतं. फोडणीआधी पंखा चालू करा, नाहीतर घरातला धुराचा अलार्म बोंबलेल. हळदीचा हात त्यांच्या लाकडी पळ्यांना आणि पांढऱ्या फडक्यांना लावू नका. भांडी तुम्हीच घासायला घ्या. ‘राहू दे’ म्हणतील, तरी निदान पुसायला तरी उभे राहा.

भूकंप आणि आजारपण

फोन अचानक कर्कश वाजू लागला तर तो भूकंपाचा इशारा असू शकतो. टेबलाखाली शिरा, बाहेर धावू नका, घरचे सांगतील तसं करा. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी 119. पोट बिघडलं किंवा पाळी आली असेल तर लगेच सांगा, लाजून दिवस काढू नका.

परतल्यावर

पोहोचल्याचा मेसेज त्याच दिवशी करा. आठवडाभरात हाताने लिहिलेलं पत्र आणि एकत्र काढलेला एक छापील फोटो पाठवा. पत्ता जपानी लिपीत लिहिला तरी चालतो, फक्त देशाचं नाव इंग्रजीत ठळक लिहा. नवीन वर्षाचं कार्ड 1 जानेवारीला हाती पडावं अशी तिथे अपेक्षा असते, म्हणून भारतातून ते डिसेंबरच्या सुरुवातीलाच टपालात टाका. त्या वर्षी त्यांच्या घरात कुणी गेलं असेल तर अशी शुभेच्छापत्रं घेत-देत नाहीत. तसं कळलं, तर कार्डाऐवजी साधं खुशालीचं पत्र जानेवारीच्या मध्यानंतर पाठवा.