मेश वायफाय सुरक्षित कसे करावे: पासवर्डच्या आधी बघायच्या गोष्टी

जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत वायफायला फारसे पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून कोकणातल्या जुन्या घरांत, विशेषतः मागच्या दोन खोल्या होमस्टेला दिल्या असतील तिथे, एका राउटरऐवजी मेश बसवणे सोयीचे पडते. माजघरात मुख्य डबा, पडवीत दुसरा, मागच्या खोल्यांपाशी तिसरा. डबे आपसात बिनतारी बोलतात आणि फोनला घरभर एकच नेटवर्क दिसते.

साध्या राउटरच्या बाबतीत नेटवर्कला कोण जोडले जाते एवढेच बघायचे असते. मेशमध्ये त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो: डबा म्हणून कोण सामील झाले आहे? कारण एकदा सामील झालेल्या डब्यावर बाकीचे डबे विश्वास टाकतात. त्याने ‘इंटरनेटकडे जायचा जवळचा रस्ता माझ्याकडून आहे’ असे खोटेच जाहीर केले, तर शेजारचे डबे आपली वाहतूक त्याच्याकडे वळवतात. मग तो ती गिळून टाकू शकतो किंवा चोरून बघू शकतो. अशा गिळंकृत करणाऱ्या डब्याच्या हल्ल्याला ब्लॅकहोल म्हणतात. एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर किल्लीने कुलूपबंद करणे, बाहेरच्याला अडवते. ज्याच्या हाती आतली किल्ली आहे त्याला नाही. म्हणून खालच्या बहुतेक पायऱ्या ही किल्ली कोणाकोणाकडे जाते याबद्दलच्या आहेत.

१. ॲपचे खाते कोणाच्या नावावर आहे?

इथूनच सुरुवात करा, वायफायच्या पासवर्डपासून नको. घरगुती मेश बहुधा फोनवरच्या ॲपमधून चालते आणि त्या ॲपचे खाते कंपनीच्या सर्व्हरवर असते. ते खाते ज्याच्या हातात, तो कुठूनही तुमचा पासवर्ड बदलू शकतो, नवा डबा जोडू शकतो, घरात कोणती उपकरणे चालू आहेत ते बघू शकतो. डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा ठिकाणा सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बदलून तुम्हाला खोट्या साइटवरही नेऊ शकतो.

बसवायला आलेला माणूस घाईत स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या ईमेलने सगळे सुरू करून देतो आणि जातो. त्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण तुमच्या घराची मालकी त्याच्या फोनमध्ये राहते. ॲप उघडून मालक म्हणून कोणाचा ईमेल आहे ते बघा. तुमचा नसेल तर मुख्य डबा फॅक्टरी रीसेट करून स्वतःच्या खात्याने पुन्हा सुरू करा. खात्याला इतर कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या आणि द्विस्तरीय पडताळणी चालू करा. घरच्यांना हवे असल्यास मर्यादित अधिकाराचे सदस्य करून घ्या. सगळ्यांनी एकच लॉगिन वापरू नका.

२. फायबरवाल्याच्या जुन्या डब्याचे वायफाय बंद करा

नवे मेश बसले की सगळे खूश होतात आणि मागे फायबर कंपनीचा मूळ डबा स्वतःचे वायफाय सोडतच राहतो. त्याचा पासवर्ड स्टिकरवर छापलेला, ॲडमिनचे लॉगिन बहुधा कारखान्यातून आले तसेच. मेशला कितीही कुलपे लावा, या डब्याला जोडलेला माणूस तुमच्या लाइनवर आहेच. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बँडचे वायफाय बंद करा, ॲडमिन पासवर्ड बदला आणि बाहेरून नियंत्रण करण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करा. सेटिंग उघडत नसेल तर ग्राहक सेवेकडून करून घ्या. कारखान्यातल्या लॉगिनचे प्रकरण साधे नाही: २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच तयार पासवर्ड आजमावून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

३. एन्क्रिप्शन आणि पासवर्ड

सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ निवडा. डब्ल्यूपीए म्हणजे वायफायच्या सुरक्षेची पद्धत, ३ ही तिची नवी आवृत्ती आणि २ ही जुनी. त्यातली ओळख पटवण्याची पद्धत, एसएई, मुळात मेशसाठीच आली. २०११ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११एस या मेशच्या मानकात ती होती, कारण मेशमध्ये कोणी मोठा-धाकटा नसतो आणि दोघांपैकी कोणीही बोलणे सुरू करू शकतो. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ ने तीच पद्धत घराघरांतल्या वायफायसाठी उचलली.

फरक काय पडतो? डब्ल्यूपीए२ मध्ये फोन जोडला जातानाची देवाणघेवाण हवेतून पकडता येते आणि मग घरी बसून निवांत पासवर्ड शोधता येतो. आपल्याकडे पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवायची सवय आहे. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण पर्याय ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक सेकंदाला १० लाख अंदाज तपासतो. सव्वा तासाच्या आत काम तमाम. डब्ल्यूपीए३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी प्रत्यक्ष राउटरशी बोलावे लागते, त्यामुळे ही युक्ती चालत नाही.

जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग डब्ल्यूपीए३ समजत नसेल तर त्याच्यासाठी वेगळे डब्ल्यूपीए२ नेटवर्क ठेवा. त्यात एन्क्रिप्शनचा प्रकार एईएस निवडा, जुना टीकेआयपी नको. पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो, तेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत जोडून घ्या. तो पाहुण्यांनाही टाइप करता येईल.

डब्ल्यूपीए३ मध्ये व्यवस्थापन संदेशांचे, म्हणजे जोडणे-तोडणे सांगणाऱ्या संदेशांचे, संरक्षणही (पीएमएफ) सक्तीचे असते. ते नसेल तर कोणीही राउटरच्या नावाने ‘तुटा’ असा खोटा संदेश पाठवून तुमचे कॅमेरे नेटवर्कवरून खाली पाडू शकतो. डब्ल्यूपीए२ नेटवर्कवर पीएमएफ असा पर्याय दिसला तर चालू करा.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता पिनने किंवा बटणाने उपकरण जोडायची सोय. तिचा पिन बंदच ठेवा. त्याचे ८ आकडे दोन तुकड्यांत तपासले जातात आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्येच उघड झाले आहे. काही मेशमध्ये नवा डबा जोडायला डब्ल्यूपीएसचे बटणच दाबावे लागते. तेव्हा दाबा, पण ती साधारण दोन मिनिटांची मुभा असते आणि त्या वेळात जवळपासचे दुसरे उपकरणही आत येऊ शकते. डबा जोडून झाला की यादीत एकच नवे नाव आले आहे ना, ते बघा.

नेटवर्कचे नाव लपवणे आणि परवानगीच्या उपकरणांच्या मॅक ॲड्रेसची (प्रत्येक उपकरणाच्या ओळख क्रमांकाची) यादी करणे यांत वेळ घालवू नका. दोन्ही गोष्टी हवेतून सहज कळतात.

४. पाहुण्यांचे नेटवर्क, आणि ते खरोखर वेगळे आहे का

गेस्ट नेटवर्क चालू करणे एका टॅपचे काम आहे. मात्र मेश फायबरच्या डब्यामागे ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे स्वतः राउटरचे काम न करता फक्त वायफाय पसरवत, चालत असेल, तर काही मॉडेल्समध्ये गेस्ट नेटवर्क नावापुरतेच वेगळे राहते. तपासून बघा: फोन गेस्टवर जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि राउटरचे सेटिंग पान, घरचा प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर उघडतो का ते पाहा. काहीही उघडले तर राउटर मोड वापरा. सीसीटीव्ही, टीव्ही आणि स्मार्ट दिवे यांना पाहुण्यांच्याही नाही आणि तुमच्याही नाही अशा तिसऱ्या नेटवर्कवर ठेवता आले तर उत्तम.

होमस्टेवाल्यांनी गेस्टचा पासवर्डही अधूनमधून बदलावा. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी पाठवलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायपर्यंत पोहोचला होता. घरातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण चौकशी आली ती त्याच्याच दारी.

५. पडवीतला डबा

डब्याच्या मागे एक-दोन लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल खोचायच्या जागा, असतात. तिथे केबल खोचली की बहुतेक मेशमध्ये माणूस पासवर्डशिवाय थेट मुख्य नेटवर्कवर येतो. म्हणून पाहुण्यांच्या हाताला लागेल असा डबा ठेवू नका. उंचावर बसवा, पोर्ट भिंतीकडे करा, आणि ॲपमध्ये पोर्ट बंद करायची सोय असेल तर वापरा. डब्यांमधला दुवा केबलचा करता आला तर हवेतून तो ऐकण्याचा किंवा जॅम करण्याचा प्रश्नच मिटतो. फक्त दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका, मे महिन्यातली वळवाची वीज दोन्ही टोकांचे डबे घेऊन जाईल. तिथे फायबर टाका.

६. फर्मवेअर

फर्मवेअर म्हणजे डब्याच्या आतले सॉफ्टवेअर. त्याचे आपोआप अपडेट चालू ठेवा. २०१७ मध्ये क्रॅक, २०१९ मध्ये खुद्द एसएईमधल्या ड्रॅगनब्लड, २०२१ मध्ये फ्रॅगअटॅक्स अशा त्रुटी बाहेर आल्या, आणि प्रत्येक वेळी घरच्या माणसापुढे उपाय एकच होता: कंपनीचे अपडेट. त्यामुळे विकत घेतानाच कंपनी किती वर्षे अपडेट देणार ते विचारा. अपडेट थांबलेले स्वस्त मेश मला महागच वाटते.

७. स्वतः मेश बांधणाऱ्यांसाठी

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरवर ८०२.११एस चालवत असाल तर एन्क्रिप्शनशिवायचे मेश सुरू होते, चालते, आणि सगळे ठीक असल्यासारखे दिसते. एसएई मुद्दाम चालू करा. बॅटमॅन हा प्रोटोकॉल फक्त रस्ता ठरवतो, मजकूर लपवत नाही. कुलूप खालच्या थरात लावावे लागते. गावाची किंवा सोसायटीची मेश असेल तर सगळ्या डब्यांवर एकच किल्ली असते, आणि एका छतावरचा डबा चोरीला गेला की सगळ्यांच्या किल्ल्या बदलायच्या. ही तयारी नसेल तर प्रत्येक सदस्याने व्हीपीएन, म्हणजे आपली वाहतूक स्वतंत्रपणे कुलूपबंद करणारी सेवा, वापरणे बरे.

८. संशय आला तर

ॲपमध्ये अनोळखी डबा दिसणे, डीएनएसचा पत्ता आपोआप बदललेला असणे, ओळखीच्या साइटवर प्रमाणपत्राचा इशारा येणे: यांपैकी काहीही झाले तर नुसते बंद-चालू करून भागवू नका. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणे बाधित केली होती. बंद-चालू केल्यावर त्याचा पहिला भाग जिवंत राहत असे.

आधी दुसऱ्या फोनवरून, मोबाइल डेटावर, ॲपच्या खात्याचा पासवर्ड बदला. मग सगळे डबे फॅक्टरी रीसेट करा, मुख्य डब्याचे फर्मवेअर अद्ययावत करा आणि बाकीचे एकेक करून जोडा. बॅकअपमधून जुनी सेटिंग परत आणू नका. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

डबा चोरीला गेला किंवा विकला तरी तो आधी ॲपमधून काढा. विकताना तुम्ही स्वतः रीसेट करून द्या. चोरीचा डबा मात्र आतली किल्ली घेऊन गेलेला असतो, तेव्हा वायफायचा पासवर्ड बदलून मेश मुख्य डब्यापासून नव्याने बांधा.